समुद्रतळावरील संदेशतारा आणि मानवरहित जलयाने

अहिल्यानगर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि येथील विद्यार्थ्याने परदेशी ग्रंथालयाशी साधलेला संपर्क बहुधा मुंबईत वर्सोव्यास उतरणाऱ्या तारांतूनच होतो. आंतरराष्ट्रीय संदेशवहनाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग उपग्रहांमार्फत नव्हे, तर समुद्रतळावरून चालतो. मुंबईस हे नवे नाही; 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई-एडन तार १८७० सालीच टाकली होती.

आज तांब्याच्या जागी काचतंतू आले आहेत. खोल समुद्रात तारेची जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर असते. उथळ पाण्यात तिला पोलादी कवच घालून शक्य तेथे तळात पुरतात. कारण, बहुतेक बिघाड घातपाताने नव्हे, तर नांगर व मासेमारीची जाळी यांमुळे होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात तीन तारा तुटल्या. हल्ल्यानंतर वाहत गेलेल्या 'रुबीमार' जहाजाचा फरफटता नांगर हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

मग मानवरहित जलयानांनी पहारा करावा काय? रेडिओलहरी समुद्रजलात खोल शिरत नाहीत. ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर जातो, परंतु त्याद्वारे माहिती अत्यल्प पाठविता येते. म्हणून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने निर्मिलेल्या 'माया'सारख्या स्वयंचलित यानास बव्हंशी आपल्याच गणितावर मार्ग काढावा लागतो. अशी याने उघडी पडलेली तार शोधू शकतील. फरफटत येणारा नांगर थोपवू शकणार नाहीत. शिवाय जे यान तार शोधते, तेच शत्रूच्या हाती गेल्यास तिचा घातही करू शकेल.

सारांश, यान हे पाहणीचे साधन होय. खरे संरक्षण तारा एकाच किनाऱ्यावर एकवटू न देण्यात आहे.