उभ्याचं दुखणं

माझी मावशी पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. सकाळी सहाला तव्यासमोर उभी राहते, ती दुपारी दोनला हलते. गेल्या दिवाळीत घरी आली, पलंगावर टेकली आणि साडी पोटरीपर्यंत सरकवून म्हणाली, "बघ गं जरा." डाव्या पोटरीवर सुतळीचा गुंता व्हावा तशी निळसर शीर. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट, तुकतुकीत. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. "कष्टाचे पाय, दुखायचेच," असं ती सहा वर्षं म्हणत आली होती.

पण हे दुखणं कष्टाचं कमी आणि एका जागी उभं राहण्याचं जास्त. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतो तो पोटरीचा स्नायू. तो आवळला की खोलवरच्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर चढतं. शिरांमधल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. स्तब्ध उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, चालू लागलं की तो ३०च्या आसपास उतरतो. मावशीचे हात आठ तास थांबत नाहीत, पोटऱ्या मात्र थिजलेल्या. त्यात शेगडीची धग, आणि उष्णतेनं शिरा आणखी सैलावतात. एक झडप गळू लागली की तिच्या खालचीवर भार येतो. आजीच्याही पायांवर अशाच शिरा होत्या. अंगात ही प्रवृत्ती असली, वर दोन बाळंतपणं झालेली असली, की शिरा लवकर हार मानतात.

हमालांचं थोडं निराळं. श्वास रोखून पोतं उचललं की पोटातला दाब वाढतो आणि पायाकडून वर येणारं रक्त अडतं. म्हणून ओझं श्वास सोडत उचलावं.

डॉक्टरांनी डॉपलर तपासणी करून मावशीला दाबाचे मोजे दिले. ते घोट्याचं, पोटरीचं माप घेऊनच घ्यायचे आणि सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी चढवायचे, कारण सूज आल्यावर ते चढत नाहीत. मधुमेह असेल, तंबाखू-विडीची सवय असेल, तर आधी पायाच्या रोहिण्या तपासून घ्याव्यात, नाहीतर हाच दाब घातक ठरतो. एप्रिलमध्ये तव्यासमोर मोजे घालणं ही शिक्षाच आहे, हे मला मान्य आहे. म्हणून कामाच्या जागी हालचाल हवी. मावशी आता पायाशी एक बुटका पाट ठेवते, एकेक पाय आलटून-पालटून त्यावर टेकवते. कणकेचा एक गोळा संपला की वीस वेळा टाचा वर-खाली करते. घरी आल्यावर लोडावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडते. गरम पाण्याचा शेक मात्र बंद केलाय.

लेझरनं खराब शीर आतून बंद करता येते, बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात. "मग रक्त जाणार कुठून?" असं मावशीनं विचारलं होतं. पायातलं बहुतेक रक्त मुळात खोलवरच्या शिरांतूनच जातं, वरची एक बंद झाल्यानं अडत नाही. पण तासन्‌तास तसंच उभं राहिलं तर दुसऱ्या शिरा फुगू शकतात. फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हावं, पाय उंच करावा आणि स्वच्छ कापडानं दाबून धरावं. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. सोबत धाप लागली, छातीत दुखलं, तर क्षणभरही थांबू नये.

उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, हे १९४८च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. केरळात कापड दुकानांतल्या बायका त्यासाठी लढल्या आणि २०१८मध्ये दुकानांसाठीही तसा कायदा झाला. २०२१मध्ये तमिळनाडूनं तो केला. चार बायकांच्या पोळी केंद्रात कोण बघायला जातं? आणि पोळ्या तर आपल्याकडे बसूनच लाटत. उभं केलं ते ओट्यानं.

मावशीनं स्टूल मागितलं तेव्हा केंद्राच्या ताई म्हणाल्या, "बसून हात चालतो का?" मग मावशीनंच घरून उंच स्टूल नेलं. पोळ्या तेवढ्याच होतात. आता चौघी त्यावर पाळीपाळीनं बसतात. दुसरं स्टूल अजून आलेलं नाही.