स्पीड कॅमेऱ्याची सूचना देणारं यंत्र घ्यावं का? आधी माझा हिशेब बघा

मागच्या व्हिडिओत दुकानाच्या कारमध्ये डॅशबोर्डवर बसवलेलं छोटं यंत्र दिसलं आणि बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, ते काय आहे? खरंच चलान वाचतं का?" व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देता येत नव्हतं, म्हणून इथे नीट लिहितोय. मी ते कोणत्या चुकीतून घेतलं, तेही सांगतो. यंत्रापेक्षा त्या चुकीतून तुम्हाला जास्त शिकायला मिळेल.

दहा हजारांचा धक्का

माझं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान चिंचवडला आहे. नवी मुंबईत काही पार्ट्या आहेत. सँपल आणि छोट्या ऑर्डर आम्ही कारनेच पोचवतो. कधी मी जातो, कधी आमचे ड्रायव्हर दादा. एक दिवस सहज महाट्रॅफिक अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला आणि पाच चलान दिसले. सगळे ओव्हरस्पीडचे, प्रत्येकी २,००० रुपये. मेसेज का आले नाहीत? कारण आरटीओच्या नोंदीत माझा जुना मोबाईल नंबर होता.

आता हे १०,००० रुपये दुकानदाराच्या नजरेने बघा. सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात १० टक्के उरत असतील, तर १०,००० भरून काढायला १,००,००० चा माल विकावा लागतो. वर कायदा मोडल्याबद्दलचा दंड इन्कम टॅक्ससाठी धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे तो पूर्ण तुमच्या खिशातून जातो.

मी काय केलं? ऑनलाइन शोधलं आणि यंत्र मागवलं. इथेच चुकलो. का चुकलो ते पुढे येईल. आधी यंत्र कसं चालतं ते समजून घ्या.

यंत्र नेमकं काय करतं?

बऱ्याच जणांना वाटतं की ते कॅमेरा "पकडतं". तसं काही नाही. यंत्रात जीपीएस रिसीव्हर असतो. कमीत कमी चार उपग्रहांचे सिग्नल घेऊन तो तुमची जागा काढतो आणि त्यावरून गाडीचा वेगही काढतो. कॅमेरे कुठे आहेत, त्या जागांची यादी यंत्रात आधीच भरलेली असते. तुम्ही त्यातल्या एखाद्या जागेजवळ पोचलात की ते बीप करतं.

यावरून चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. यादी जुनी असेल तर यंत्र आंधळं आहे. नवा कॅमेरा बसला आणि तुम्ही अपडेट केलं नाही, तर ते गप्प बसेल.

२. हातात स्पीडगन घेऊन किंवा इंटरसेप्टर गाडीत बसलेले पोलीस कुठल्याच कायमच्या यादीत नसतात.

३. बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही. तिथे त्याच्यावर विसंबू नका.

४. सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रणेपुढे नुसत्या बीपचा उपयोग नाही.

चौथा मुद्दा मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर फार महत्त्वाचा आहे. तिथे जुलै २०२४ मध्ये आयटीएमएस सुरू झालं. त्यात एका जागेवरचा वेग तर मोजतातच, शिवाय दोन कमानींमधलं अंतर तुम्ही किती वेळात कापलं तेही बघतात. समजा दोन कमानींत १० किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा १०० ची आहे. नियमाने तुम्हाला कमीत कमी ६ मिनिटं लागायला हवीत. तुम्ही ५ मिनिटांत पोचलात, तर सरासरी १२० झाली. कमानीखाली ८० ने गेलात तरी काही फायदा नाही.

एक चांगली गोष्टही सांगतो. या यंत्रावर दिसणारा वेग मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडीच्या मीटरपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ असतो. गाडीचे मीटर सहसा वेग थोडा जास्तच दाखवतात.

मग चूक कुठे झाली?

यंत्र आल्यावर पहिले काही दिवस मी खूश होतो. बीप वाजली की ब्रेक, कॅमेरा गेला की पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर. एका सकाळी नवी मुंबईला चाललो होतो, मागच्या सीटवर बॉक्स भरलेले. वेग ११५ च्या पुढे. बीप वाजली आणि मी जोरात ब्रेक दाबला. बॉक्स सरकून माझ्या सीटवर आदळले, मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. आरशात फक्त ट्रकची जाळी दिसत होती. ट्रकवाल्याने शेवटच्या क्षणी लेन बदलली, म्हणून आज हे लिहितोय. पुढच्या फूड मॉलला थांबलो, तेव्हा चहाचा कप हातात धरवत नव्हता.

१०० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. १२० ला ३३ मीटर. आणि वेग १०० वरून १२० केला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर २० टक्के नाही, ४४ टक्के वाढतं. हे मी शाळेत शिकलो होतो, पण त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी दुकानात दादांशी बोललो. म्हटलं, "दादा, पाचातले तीन चलान तुमच्या फेऱ्यांचे आहेत. इतकी घाई कशाला?"

दादा शांतपणे म्हणाले, "शेठ, पार्टीला अकराची वेळ तुम्ही देता. मी आठला येतो, पण माल मोजून, बिल निघून गाडी हलायला नऊ वाजतात. मग रस्त्यात वेळ भरून काढायचा, नाहीतर पार्टीचं ऐकायचं. तुम्ही सांगा काय करू."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेळ मी देत होतो, बिल उशिरा मी काढत होतो आणि जीव त्यांचा धोक्यात जात होता. कॅमेऱ्याने फक्त माझ्या दुकानातल्या गोंधळाचा फोटो काढला होता.

आता नऊ मिनिटांचा हिशेब

एक्सप्रेसवे साधारण ९४ किलोमीटर. कारला मोकळ्या भागात मर्यादा १००, घाटात त्याहून बरीच कमी. घाट, ट्रॅफिक सगळं विसरून अख्खा रस्ता १०० ने गेलात असं धरा: ५६ मिनिटं. १२० ने गेलात: ४७ मिनिटं. वाचली किती? नऊ मिनिटं. तीही कागदावर, घाट आणि टोलनाका धरला तर आणखी कमी. या नऊ मिनिटांसाठी आपण २,००० रुपये आणि एक माणूस पणाला लावतो. आमच्याकडे रोज एक तास तर दुकानातच जात होता!

मग आम्ही तीन बदल केले. दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरचा माल आदल्या संध्याकाळी मोजून बांधून ठेवायचा. बिल रात्रीच तयार करायचं. पार्टीला "अकरा" न सांगता "अकरा ते साडेबारा" सांगायचं. एकाही पार्टीने तक्रार केली नाही. एकाने तर म्हटलं, "तुम्ही आता वेळ पाळता." तेव्हापासून ओव्हरस्पीडचं एकही चलान आलेलं नाही.

तर यंत्र घ्यायचं का?

घेतलंत तरी हरकत नाही, पण वापर बदला. मी त्यात वेगमर्यादेचा अलार्म लावून ठेवलाय. मर्यादा ओलांडली की ते वाजतं, कॅमेरा असो वा नसो. कॅमेऱ्याची बीप आली तर मी पाय फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून काढतो, ब्रेक आपटत नाही. तुम्हीही आधी हे तपासा:

- तुमच्या फोनमधल्या मॅपच्या अ‍ॅपमध्ये वेग आणि कॅमेऱ्याच्या सूचना असतील, तर वेगळा खर्च कशाला? फोन स्टँडवर लावा आणि गाडी चालू करण्याआधीच सेट करा.
- वेगळं यंत्र घेणार असाल, तर त्यात भारतातली यादी आहे का, अपडेट फुकट मिळतात का आणि किती दिवसांनी येतात, हे विक्रेत्याला आधी विचारा.
- १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये ८० च्या पुढे थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा अलार्म कंपनीकडूनच येतो. तो बंद करायच्या भानगडीत पडू नका.
- गाडी ड्रायव्हर चालवत असेल, तर मालकाच्या मोबाईलवर वेग कळवणारा ट्रॅकर जास्त कामाचा. पण तो ड्रायव्हरला सांगून लावा, लपवून नको.
- पोलिसांचं रडार बिघडवायचा दावा करणाऱ्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नका. परदेशात गाडी चालवणार असाल तर आणखी जपा. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडमध्ये कॅमेऱ्याची जागा सांगणारी साधनं वापरण्यावरही बंदी आहे.

आणि सगळ्यात आधी, हा लेख वाचून झाला की दोन कामं करा. गाडीच्या नोंदीत तुमचा चालू मोबाईल नंबर आहे का बघा. मग गाडीचा नंबर टाकून चलान तपासा. चुकीचं चलान असेल तर अ‍ॅपवरच तक्रार करता येते. बरोबर असेल तर भरून टाका, गाडी विकताना तेच आडवं येतं.

चलान निघालं, तर ड्रायव्हरच्या पगारातून कापण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: त्या दिवशी गाडी दुकानातून किती वाजता हलली होती? ती वेळ महिनाभर वहीत लिहा आणि मला कॉमेंटमध्ये कळवा. पुढच्या व्हिडिओत डिलिव्हरीची वेळ कशी ठरवायची, ते तुमच्याच आकड्यांवरून करून दाखवतो.

सावकाश जा, पोचल्यावर फोन करा!