व्हिएन्ना की बुडापेस्ट?

शेंगेन व्हिसा एकच, रेल्वेने अंतर सुमारे पावणेतीन तासांचं. खिशाला मात्र फरक चांगलाच जाणवतो. व्हिएन्नात हॉस्टेलच्या एका खाटेला जे मोजावं लागतं, त्यात बुडापेस्टमध्ये बऱ्याचदा दोन रात्री निघतात. म्हणून जास्तीचा मुक्काम तिथेच करावा. बुडापेस्टच्या दुकानात कार्ड मशीनने युरो की स्थानिक चलन फोरिंट असं विचारलं, तर फोरिंटच निवडा. मशीनचा युरोचा दर सहसा महागात पडतो. तिथलं गरम पाण्याचं सेचेनी स्नानगृह (1913) मात्र स्वस्त नाही, तिकीट 10 हजार फोरिंटच्या पुढे.

व्हिएन्ना महाग खरं, पण आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी तिथे 1873पासून नळाला येतं. बाटल्या विकत घेऊच नका. आणि स्टेट ऑपेरा! उभ्याने पाहायची तिकिटं खुर्चीच्या तिकिटांपेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात.