सकाळी बोटे वळत नसतील तर ते नशीब नव्हे, आजार आहे

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतील वस्त्यांत भातलावणीच्या दिवसांत आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते: "सकाळी बोटंच वळत नाहीत." उत्तरही ठरलेले असते. पाण्याचिखलात राबले की वात यायचाच. काही घरांत हा मागच्या जन्माचा भोगही ठरतो आणि अंगारा लावला जातो. या समजुतींत उपचाराचे महत्त्वाचे महिने वाया जातात.

वयाने गुडघे झिजणे वेगळे आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. तो ऐन कामाच्या वयात येतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो. आपल्याच जिल्ह्यातील भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सांधेदुखीचे घरोघर सर्वेक्षण सुरू केले. त्यात प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण हजारी सुमारे पाच आढळले. आकडा लहान वाटतो. पण हातावर पोट असलेल्या घरात एका बाईची बोटे वाकली की सारे घर वाकते.

मग यंत्रणा बिघडते कशाने? तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद सांगतो की घटना अनेक कारणांच्या संयोगाने घडते. इथेही तसेच आहे. आनुवंशिकता, धूम्रपान आणि हिरड्यांचे जुनाट आजार ही त्यातील काही कारणे. आतडे आणि विषाणू हे आणखी दोन दुवे.

आतड्यातील कोट्यवधी जिवाणू रोगप्रतिकारक यंत्रणेला आपले-परके ओळखायला शिकवतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना आमवाताच्या नव्या, उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या आतड्यांत 'प्रीव्होटेला कोप्री' हा जिवाणू अधिक प्रमाणात आढळला. हा संबंध आहे, पण तेच कारण असल्याचा पुरावा नव्हे. म्हणून 'पोट साफ करून संधिवात बरा' म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. नाचणी, कडधान्ये, पालेभाज्या आतड्यासाठी चांगल्याच. पण त्या औषधाची जागा घेत नाहीत.

विषाणूंचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. चिकुनगुन्याची साथ १९७३ मध्ये बार्शीत आली होती आणि २००६ मध्ये तो राज्यभर पसरला. ताप काही दिवसांत उतरतो, पण काहींचे सांधे महिनोन्‌महिने सुजलेले राहतात आणि ते दुखणे हुबेहूब आमवातासारखे दिसते. बहुतेक जण बरे होतात. मात्र सूज हटत नसेल, तर 'चिकुनगुन्याचेच आहे' म्हणत थांबणे धोक्याचे.

खुणा लक्षात ठेवा: दोन्ही हातांच्या किंवा पायांच्या लहान सांध्यांना सूज, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेपण आणि सहा आठवड्यांहून जास्त काळ त्रास. अशा वेळी भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे आणि गरज पडल्यास ससूनला पाठवण्याची चिठ्ठी मागावी. मेथोट्रेक्झेट हे मुख्य औषध जुने आणि तुलनेने स्वस्त आहे. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. गरोदरपणात ते चालत नाही. रक्ततपासणी चुकवू नये. दुखले की इंजेक्शन घेण्याने वेदना थांबते, सांध्याची हानी थांबेलच असे नाही.

वर्षावास आणि डासांचा हंगाम एकाच वेळी येतात. विहारात ग्रंथवाचनाला उपासिका जमतात, तेव्हा तरुण कार्यकर्त्यांनी दहा मिनिटे काढून एवढेच विचारावे: सकाळी मूठ वळते का? आठवड्यातून एक दिवस पाण्याची पिंपे रिकामी करून घासावीत. मिश्री आणि विडी सोडण्याविषयी बोलावे. दुःखाला कारण असते आणि कारण कळले की मार्गही असतो, हे आपण रोज सांगतो. ते आपल्या आया-बहिणींच्या बोटांपर्यंत पोहोचवू या.

जय भीम, नमो बुद्धाय.