वाचनाचा कार्यक्रम मुलांपर्यंत पोहोचला का, हे कसं तपासायचं?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या दुर्गम शाळांत २०१४ मध्ये मूलनिवासी मुलांसाठी सरकारी खर्चाने एक वाचन-कार्यक्रम सुरू झाला. ‘डायरेक्ट इन्स्ट्रक्शन’ या पद्धतीत शिक्षकाने वर्गात काय बोलायचं तेही लिहून दिलेलं असतं आणि मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार पडतात. असा कार्यक्रम उपयोगी पडला का, हे आपण कसं ठरवणार?

सुरुवात पायाभूत चाचणीने करावी, म्हणजे शिकवण्याआधी मुलाला काय येतं ते नोंदवावं. त्याआधी कान तपासून घ्यावेत. या वस्त्यांमध्ये मधल्या कानाचा संसर्ग फार आढळतो. ज्याला नीट ऐकूच येत नाही, त्याला ‘कच्चा’ ठरवणं अन्यायाचं आहे.

मग घरची भाषा. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियातल्याच युएंडुमू गावातली मुलं वार्लपिरी बोलतात. त्या भाषेत ‘प’ आणि ‘ब’ हे वेगळे ध्वनी नाहीत, स्वरही मुळात तीनच. असं मूल इंग्रजी ‘पिग’ आणि ‘बिग’मध्ये गोंधळलं, तर ते वाचनात मागे आहे की इंग्रजी अजून त्याच्या कानावर रुळलेली नाही? ही चाचणी घरची भाषा जाणणाऱ्या स्थानिक साहाय्यक शिक्षिकेला सोबत बसवूनच घ्यावी.

पुढे हजेरी. बहुतेक चुका इथेच होतात. पटावर नाव असतं, पण पावसाळ्यात रस्ते बंद होतात, कुणी वारलं की कुटुंबं दूरच्या गावी जातात. म्हणून शाळेची सरासरी सांगू नये. प्रत्येक मुलाला प्रत्यक्षात किती धडे मिळाले ते मोजावं. शिक्षकही वर्षाच्या मध्येच बदलतात. नव्या शिक्षकाला प्रशिक्षण मिळालं का, तो ठरल्याप्रमाणे शिकवतो का, हे वर्गात बसून पाहावं लागतं. धडेच झाले नसतील, तर दोष पद्धतीवर टाकता येत नाही. श्रेयही देता येत नाही.

आता निकाल. ‘नॅपलान’ ही राष्ट्रीय परीक्षा तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीत होते. तिसरीत चारच मुलं असतील, तर एकाच्या गैरहजेरीनेही सरासरी हलते. शिवाय यंदाची तिसरी आणि गेल्या वर्षीची तिसरी ही वेगळी मुलं. त्यामुळे त्याच मुलाची प्रगती वर्षानुवर्षं पाहावी आणि गाव सोडून गेलेल्यांचीही नोंद ठेवावी.

तुलना शहरातल्या शाळेशी नको. तितकीच दुर्गम, तशीच भाषा आणि हजेरी असलेली, पण हा कार्यक्रम नसलेली शाळा शोधावी. अशी शाळा सापडली नाही, तर अहवालात तसं स्पष्ट लिहावं.

अहवाल छापण्याआधी पालकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. आकडे का घसरले, याचं कारण अनेकदा त्यांनाच ठाऊक असतं.