स्वस्त मदरबोर्डावरील प्रोसेसरबदल

बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण आमच्याकडे ज्या संगणकावर चालते, त्यातील प्रोसेसर २०१७ सालचा, चार कोअरचा रायझन ३ १२०० हा आहे. नव्या संगणकाइतका निधी नाही. तेव्हा आहे त्याच ‘ए३२०’ या स्वस्त जातीच्या मदरबोर्डावर २०२२ सालचा, सहा कोअरचा रायझन ५ ५६०० बसविता येईल काय, हा प्रश्न उपस्थित झाला.

दोहोंचे सॉकेट एकच, एएम४. (सॉकेटास ‘कोंदण’ हा आपला जुना शब्द शोभला असता.) परंतु कोंदणात बसणे निराळे आणि ओळखले जाणे निराळे. संगणक सुरू होताच प्रथम वाचली जाणारी बायोस ही आज्ञावली नव्या प्रोसेसरास ओळखत नसेल, तर पडदा काळाच राहतो. म्हणून बोर्डाच्या उत्पादकाची यादी पाहून, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावी. ते चालू असता वीज गेल्यास बोर्ड निकामी होण्याचा संभव असतो. यूपीएसवाचून या कामास हात घालू नये.

दुसरा विचार विजेचा. स्वस्त बोर्डावरील वीजपुरवठ्याची मंडले मोजकीच असतात. उपरोक्त दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचे, म्हणून चिंता नाही. १०५ वॉटचा, सोळा कोअरचा ५९५०एक्स मात्र संभाजीनगरच्या मे महिन्यात अशा बोर्डावर राबविणे साहसाचेच होय.

एएम४ च्या पिना प्रोसेसरच्याच अंगी असतात, आणि वाळलेल्या लेपामुळे तो पंख्याच्या तळाशी चिकटून उपटला जातो. यास्तव संगणक थोडा वेळ चालवून लेप ऊन होऊ द्यावा, मग वीज तोडून पंखा हलकेच पिळीत उचलावा.