हत्यारांची पेटी आणि घरचे हात

गेल्या श्रावणांतील गोष्ट. चार दिवस पावसाची झड लागलेली होती. सकाळीं आजी स्नानास गेली, आणि स्नानगृहाचें दार फुगून चौकटींत असें घट्ट बसलें कीं, तिनें आंतून कडी काढली तरी तें हलेना. बाहेरून ओढतां ओढतां मूठच आमच्या हातांत आली. आजीचें वय चौऱ्यायशीं. घरांत त्या वेळीं लहानमोठीं अकरा माणसें. त्यांत दोघे अभियंते, एक गणिताचे प्राध्यापक व एक वकील. माळ्यावर हत्यारांची पेटीहि होती. ती खालीं काढली, उघडली, आणि तिच्याभोंवतीं आम्ही सर्वजण नुसते उभे राहिलों. शेवटीं कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावणें पाठविलें. तो पाऊण तासानें आला. त्यानें आमच्याच पेटींतील हातोडी घेतली, एक लांब खिळा घेतला, आणि बाहेरच्या अंगास दिसणाऱ्या बिजागऱ्यांच्या पिना खालून वर ठोकून काढल्या. मग एक जुनी पटाशी फटींत घालून दार त्या बाजूनें उचकटलें. सारें काम दहा मिनिटांचें. जातांना तो म्हणाला, "दादा, सामान तर सगळं तुमच्या घरांतच होतं कीं!"

आजीला दोन दिवस ताप आला. सुताराचें तें वाक्य मात्र अद्याप आमच्या मनांतून गेलेलें नाहीं.

पुढें खंडेनवमीस शस्त्रपूजनासाठीं तीच पेटी पुन्हां पाटावर आली. दरवर्षीं आम्ही तिला हळदकुंकू वाहतों, झेंडूचीं फुलें घालतों, आणि तशीच माळ्यावर ठेवून देतों. या वेळीं तींतील एकेक वस्तु काढून ओळींत मांडली. परदेशांतून कोणी आणलेली, चाळीस तोंडांची एक खेळण्यासारखी वस्तु; स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला, दांडा डुगडुगणारा हातोडा; गंजून एकमेकांस चिकटलेल्या कानशी; आणि एकाच मापाचे तीन पाने. घेतांना प्रत्येक वस्तु उपयोगाची वाटली असली पाहिजे. परंतु कोणत्या कामासाठीं व कोणाच्या हातासाठीं, हा प्रश्न कोणीहि विचारलेला नव्हता. घरगुती कारखान्याची निवड या दोन प्रश्नांपासूनच सुरू झाली पाहिजे, असें आमचें आतां ठाम मत झालें आहे.

पहिला प्रश्न कामाचा. दुकानाच्या फळीकडे पाहून हत्यार घेऊं नये. घराकडे पाहून घ्यावें. एक वही स्वयंपाकघरांत खिळ्याला टांगावी, आणि दोन महिने जें जें मोडेल, अडकेल, गळेल किंवा खिळखिळें होईल, त्याची तींत नोंद करावी. आमच्या वहींत आल्या त्या नोंदी अशा: कुकरच्या मुठीचा स्क्रू सैल, नळ गळतो, पलंगाचा बोल्ट निसटला, देवघराचें दार लोंबतें, विळीला धार नाहीं, वाळत घालण्याच्या दोरीची खुंटी भिंतींतून निघाली. सुतारकामाचा मोठा संच मागणारी एकहि नोंद त्यांत नव्हती. दहा-बारा बऱ्या वस्तूंत हें सर्व काम भागतें.

त्या वस्तु घेतांना काय पाहावें, हें आतां क्रमानें सांगतों. हातोडीचें डोकें सुमारें ४५० ग्रॅमचें असावें. मुलांसाठीं व हलक्या हातांसाठीं २५० ग्रॅमच्या आसपासची दुसरी असावी. दांडा हातांत धरून डोकें हलवून पाहावें. दुकानांत जें किंचित् हलतें, तें घरीं डोळ्यावर उडतें. स्क्रू पिळण्याचीं साधनें निदान चार हवींत: दोन चपट्या तोंडाचीं व दोन फुलीच्या तोंडाचीं. ही फुलीची तऱ्हा अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स यांच्या १९३६ च्या पेटंटांनंतर सर्वत्र पसरली. तिच्या १ व २ या क्रमांकांत घरचें बहुतेक काम होतें. तोंड खांचेंत सैल बसलें कीं, तें घसरून स्क्रूचें डोकेंच खातें, आणि मग तो स्क्रू सुतारालाहि निघत नाहीं. लोक हाताला जोर नाहीं म्हणून कष्टी होतात. खरा दोष बहुधा मापाचा असतो.

पान्यांचेंहि तसेंच. १९५६ च्या कायद्यानें आपल्या देशांत दशमान मापें आलीं. तरी जुन्या यंत्रांचे बोल्ट इंचांतले आहेत, आणि नळाला तर आपण अजून 'अर्ध्या इंची' असेंच म्हणतों. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना चढतो खरा, पण सैल चढतो, आणि दोनतीन वेळां जोर केला कीं, नटाचे कोपरे झिजून गोल होतात. म्हणून ८ पासून १९ मिलिमीटरपर्यंतच्या पान्यांचा एक संच आणि जबडा कमीजास्त होणारा एक चांगला पाना, एवढें घरास पुरे. जोडीला एक पकड असावी. तिच्या मुठीवर रबर असलें तरी तेवढ्या भरंवशावर विजेच्या तारेला हात लावूं नये. आधीं मुख्य खटका बंद करावा.

लोखंड कापण्याची करवत १२ इंची पात्याची येते. पातें लावतांना दांते पुढच्या दिशेला असावेत. कारण ती ढकलतांना कापते, ओढतांना नव्हे. पात्यावर इंचाला १८, २४ किंवा ३२ असे दांते असतात. कापावयाच्या जाडीवर एका वेळीं निदान तीन दांते टेकले पाहिजेत, हा नियम ध्यानांत ठेवला म्हणजे पातळ पत्र्यासाठीं बारीक दांत्यांचें पातें कां घ्यावें, हें निराळें सांगावें लागत नाहीं. कानस घेतली तर तिला मूठ अवश्य बसवावी. उघडें शेपूट तळव्यांत घुसून झालेली जखम फार दिवस भरत नाहीं.

पटाशा दोनच घ्याव्या, एक १२ व एक २५ मिलिमीटरची. पण पोलाद चांगलें पाहावें. पटाशीला २५ अंशांचा उतार व अगदीं टोकाशीं ३० अंशांची धार असते. धार लावण्याचा दगड नसेल तर पटाशी घेऊंच नये. बोथट पटाशी घसरते, आणि घसरलेली पटाशी लांकडाऐवजीं बोटाकडे जाते. विजेच्या चाकावर ती घांसतांना वरचेवर पाण्यांत बुडवावी. टोंकावर निळा रंग चढला कीं, पोलादाचें पाणी उतरलें असें समजावें. मग कितीहि घांसा, धार टिकत नाहीं.

मापाच्या साधनांत गुण्या व फीत या दोन वस्तु आल्या. गुण्या खरा आहे कीं नाहीं, हें दुकानांतच पाहतां येतें. सरळ कडेच्या फळीला तो लावून एक रेघ ओढावी, मग उलटा फिरवून त्याच जागीं दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर दुकानदाराला परत. फितीच्या टोंकाचा आंकडा थोडा हलतो, तो मात्र दोष समजूं नये. आंकड्याच्या जाडीइतकाच तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो, म्हणजे आंतून मोजा कीं बाहेरून मोजा, माप बरोबर येतें. या सर्वांच्या जोडीला टेबलाच्या कडेला घट्ट बसणारा एक लहान शेगडा असावा. एका हातानें वस्तु धरून दुसऱ्या हातानें कापण्याच्या संवयीनें जितकीं बोटें कापलीं जातात, तितकीं दुसऱ्या कशानें जात नसतील.

आतां विजेचें भोंक पाडण्याचें यंत्र. हातांत धरावयाचें असें पहिलें विद्युद्यंत्र जर्मनींतील श्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यांत १८९५ सालीं तयार झालें. आज घडीभर चालणारीं, बॅटरीचींहि पुष्कळ मिळतात. वर्षांतून दहा वेळां काम असणाऱ्या घरास तारेचें यंत्रच बरें. पडून राहिल्यानें बॅटरी खराब होते, तारेला तें भय नाहीं. विटेच्या किंवा कॉंक्रीटच्या भिंतीसाठीं फिरतां फिरतां ठोके देणारी सोय असलेलें घ्यावें, व त्याला टंग्स्टन कार्बाइडचें टोंक असलेलीं गिरमिटें वापरावीं. लांकडाचें गिरमिट भिंतीला लावलें कीं, एका भोंकांत संपतें.

भोंक पडलें म्हणजे काम झालें असें नव्हे; आमची खुंटी निघाली ती याच समजुतीमुळें. स्क्रू भिंतीला धरीत नाहीं. स्क्रू आंतल्या बुचाला फांकवितो, आणि तें फांकलेलें बूच भिंतीला धरतें. १९११ च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमच्या भिंती न बिघडवितां त्यांवर विजेचें साहित्य बसविण्याचें काम जॉन रॉलिंग्ज यांच्याकडे आलें, आणि त्यांतून तागाच्या धाग्यांचें असें बूच निघालें. जर्मनींत आर्टुर फिशर यांनीं १९५८ सालीं तें नायलॉनचें केलें. बूच, भोंक व स्क्रू हीं तिन्ही एकमेकांस जुळणाऱ्या मापांचीं हवींत. शिवाय भोंकांतील भुकटी फुंकून काढावी, नाहीं तर बूच पुरतें आंत जात नाहीं. खटक्याच्या नेमक्या वर, खालीं किंवा आडव्या रेषेंत भोंक पाडूं नये. भिंतींतील तारा बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. डोळ्यांवर चष्मा असावा, केंस व पदर घट्ट बांधावा, आणि हातमोजे घालूं नयेत. फिरतें गिरमिट मोज्यासकट बोट ओढून घेतें. घरांत ३० मिलिअँपिअरवर तुटणारा सुरक्षा-खटका बसवून घेणें हें कोणतेंहि यंत्र घेण्याच्या आधींचें काम होय. दगड, फरशी कापणारें फिरत्या चाकाचें यंत्र मात्र हौसेनें घरांत आणूं नये. तें ज्याचें रोजचें काम आहे, त्याच्या हातीं असूं द्यावें.

येथवर पहिला प्रश्न झाला. दुसरा, हाताचा, त्याहून अवघड आहे. आपल्या घरांत लेखणी धरणाऱ्या हातांना पिढ्यान् पिढ्या मान मिळाला, आणि पटाशी धरणारा हात दाराबाहेरून येऊन दाराबाहेर जात राहिला. त्याला चहा दिला, मजुरी दिली. पण तो काय करतो, हें पाहण्यास आपण कधीं उभे राहिलों नाहीं. स्वीडनमधील नेस येथें ऑटो सॉलोमन यांनीं गेल्याच्या गेल्या शतकांत शिक्षकांना हस्तकाम शिकविण्याची शाळा काढली, तेव्हां तेथें मुख्य हत्यार म्हणून साधा चाकूच निवडला होता. वस्तूपेक्षां हात व नजर तयार होणें अधिक महत्त्वाचें, हा त्यांतील विचार. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तोद्योग हा शिक्षणाचा पायाच मानावा असें मांडलें. आपण त्या योजनेवर व्याख्यानें ऐकलीं व ती परीक्षेपुरती पाठहि केली.

म्हणून आम्हीं घरांत एक नियम केला. प्रत्येक हत्याराला एक माणूस नेमलें. तें हत्यार पुसणें, तेलाचा हात लावणें, धार पाहणें हें त्याचें काम. ज्या हत्याराला घरांत माणूस मिळालें नाहीं, तें सुताराच्या होतकरू मुलाला देऊन टाकलें. या वांटणींत मुलगा-मुलगी, लेक-सून असा भेद ठेवला नाहीं. पाने धाकट्या काकूंनीं मागून घेतले. नळ गळतो तो त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि प्लंबरची वाट पाहत बसतात त्याहि त्याच. रंधा तेरा वर्षांच्या पुतणीनें घेतला. तिला तो धरावयास त्याच सुतारानें शिकविलें. आम्हीं त्याला चार रविवार बोलावून रोजच्या मजुरीप्रमाणें पैसे दिले. तो प्रथम संकोचला, मग रमला. शिकविण्याबद्दल आजवर कोणीं पैसे दिले नव्हते, असें तो म्हणाला.

त्यानेंच आम्हांला दाराचें मर्म सांगितलें. लांकूड ओलाव्यानें रेषांच्या आडवें फुगतें. भर पावसांत घाबरून फार रंधलें, तर उन्हाळ्यांत बोटभर फट पडते. दार वैशाखांत काढावें, जेथें घांसल्याच्या खुणा असतील तेवढेंच रंधावें, दोन मिलिमीटर फट ठेवावी, आणि मुख्य म्हणजे वरच्या व खालच्या कडेला रंग द्यावा. त्या कडा दिसत नाहींत म्हणून रंगारी त्या सोडून देतो, आणि पाणी नेमकें तेथूनच शिरतें.

या वैशाखांत दोन खुर्च्यांवर तें दार आडवें ठेवून पुतणीनें रंधलें. आजी शेजारीं पाटावर बसून पातळ भुसा निघतांना पाहत होती. काम झाल्यावर दार बसविलें, तेव्हां ती उठली, आंत गेली, कडी लावली, काढली, आणि एका बोटानें दार ढकलून बाहेर आली. आतां पेटींत पंधराच वस्तु आहेत, आणि ती माळ्यावरून उतरून स्वयंपाकघराच्या दाराशीं आली आहे.